मावशीची अर्धी गोष्ट

मिरज, रविवार

प्रिय उषे,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू मधे मधे बोलतेस आणि मला रडू येईल. म्हणून लिहायला बसले.

परवा भाऊजी येऊन गेले. बाईसाहेब गेल्यावर त्यांचं कपाट त्यांनी आता आवरायला काढलंय. साड्या मुलींनी नेल्या, पुस्तकं वाचनालयाला दिली, आणि अगदी खालच्या खणात ती लाल पुठ्ठ्याची लांबडी हिशेबाची वही निघाली. पहिली काही पानं दूध आणि गॅसची. त्यापुढे बाईसाहेबांच्या त्या खून शोधणाऱ्या मावशीची नवी गोष्ट. अर्धी. भाऊजींनी वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “संपादकांचा फोन येऊन गेला. अंकात मावशी का नाही म्हणून वाचक विचारतात. तुम्ही पुरी करा. जमलं तर पुढच्याही लिहा. तिच्या डोक्यातलं तुम्हाला सगळं माहीत असायचं.” चहासुद्धा न घेता गेले.

माझी तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, ह्यांचा खोकला तसाच. झालं.

अगं, सगळं कुठलं माहीत? खुनी कोण तेच मला माहीत नाही!

गोष्ट ऐक. सतारमेकर गल्लीतला एक म्हातारा कारागीर सकाळी त्याच्याच माडीवर, वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या ढिगाशेजारी मेलेला सापडतो. संशय तिघांवर. पुतण्या, ज्याला दुकान विकायचंय. मागच्या खोलीत भाड्याने राहणारी गाण्याची बाई. आणि पंढरपूरकडून भोपळे घेऊन येणारा टेम्पोवाला. मावशी नेहमीसारखी पिशवी घेऊन दारात उभी राहते, आधी रडणाऱ्यांना पाणी देते आणि मग एकेकाला काहीतरी भलतंच विचारते. शेवटच्या लिहिलेल्या पानावर ती टेम्पोवाल्याला विचारते, “भोपळा पुरता वाळायला किती महिने लागतात रे?” बस्स. पुढची पानं कोरी.

त्या रात्री मी ते पान किती वेळा वाचलं असेल! तिचा तो प्रश्न म्हणजे किल्ली आहे, एवढं मला कळतं. मावशी उगाच काही विचारत नाही. कुठलातरी भोपळा जितका जुना सांगितला तितका जुना नाही, किंवा म्हातारा भोपळ्यांच्या हिशेबात कुणालातरी पकडत होता. पण कुणाला? मला पुतण्या वाटतो. आणि वाटतो म्हणूनच भीती वाटते, कारण पहिल्यांदा वाटतो तो मावशीच्या गोष्टीत कधीच नसतो. ‘माडीवरची चंची’ आठव. तू शेवटपर्यंत डॉक्टरच म्हणत होतीस.

मग मला तो बंगाली गोष्टींतला गुप्तहेर ब्योमकेश आठवला. दूरदर्शनवर १९९३ साली बासू चटर्जींची मालिका लागायची, रजित कपूर धोतर सावरत ‘सत्यान्वेषी’ म्हणायचा, आणि आपण तिघी बाईसाहेबांच्या घरी भाकरी तव्यावर ठेवून टीव्हीपुढे. ब्योमकेशचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहत होते हे कळल्यावर तिला केवढा आनंद झाला होता! म्हणायची, कलकत्त्यातले खून पुण्यात बसून लिहिता येतात, तर मी मिरजेतले मिरजेत बसून का लिहू नयेत. मावशीचा जन्मच त्या वाक्यातून झाला, हे तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत आहे सांग?

तर त्या शरदिंदूंचीही शेवटची गोष्ट अर्धीच राहिली. ‘विशुपाल वध’. नाटक चालू असताना मंचावर अंधार होतो आणि दिवे लागतात तेव्हा मुख्य नट मेलेला असतो. १९७० च्या सप्टेंबरात शरदिंदू गेले आणि ब्योमकेशला उत्तर सापडायचं राहून गेलं. नंतर नारायण सान्याल यांनी तिचा शेवट लिहिला. ते त्यांचं प्रेमच होतं, मला पटतं. पण वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीत वाटत राहणार ना, की हे ब्योमकेशला कळलं की सान्यालांना? प्रेमकथा अर्धी राहिली तर कुणीही चांगल्या मनाने पुरी करावी. रहस्यकथा मागच्या टोकाकडून विणलेली असते. शेवट आधी ठरतो, मग पहिल्या पानावर पिशवी येते. टोक हरवलं तर मागच्या विणीवरून ते ओळखायचं, दुसरा रस्ता नाही.

तुमचं भांडण मी विसरलेले नाही. २०१४ मध्ये तू सोफी हॅनाने लिहिलेलं, अगाथा ख्रिस्तीच्या गुप्तहेर पॉयरोचं नवं पुस्तक घेऊन आलीस आणि बाईसाहेब तुझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. तिचं म्हणणं सरळ होतं. ख्रिस्तीबाईंनी पॉयरोचा शेवट दुसऱ्या महायुद्धातच लिहून कुलपात ठेवला होता. १९७५ साली तो छापला, न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर पॉयरोचा मृत्युलेख दिला, आणि पुढच्या जानेवारीत त्या स्वतः गेल्या. ज्या बाईने आपल्या हाताने दार लावून घेतलं, ते दुसऱ्या कुणी का उघडावं? आणि तू म्हणालीस, वारसांनी परवानगी दिली आहे, शिवाय हॅनाने पॉयरोच्या जुन्या निवेदकाची, हेस्टिंग्जची, नक्कल केलेली नाही, कॅचपूल नावाचा आपला वेगळा निवेदक आणलाय, म्हणजे तिला मर्यादा कळते. मी तेव्हा मधे बसून शेंगा सोलत होते आणि दोघींचं पटत होतं. आज मला त्या भांडणातलं एकेक वाक्य हवंय. कारण तिचा विरोध खरा होता, उषे. मग वही माझ्याकडे का आली?

पण तिनेच एकदा फरक केला होता. डोरोथी सेयर्सवरून. आपल्या गुप्तहेराची, लॉर्ड पीटरची, एक कादंबरी सेयर्सबाईंनी १९३६ च्या सुमारास लिहायला घेतली आणि काही प्रकरणांवर सोडून दिली. १९५७ मध्ये त्या गेल्या. कागद राहिले, आणि जिल पेटन वॉल्श यांनी ती पुरी करून १९९८ साली छापली. ती वाचून बाईसाहेब म्हणाल्या होत्या, “अर्धं राहिलेलं पुरं करणं वेगळं आणि संपलेलं उकरून काढणं वेगळं.” तुला आठवतं का? माझ्या कानात ते बसलंय. त्यावर मी दोन दिवस आनंदात होते. मग मनात आलं, सेयर्सबाईंनी ती आपण होऊन बाजूला ठेवली होती. पुढे वीस वर्षं त्या होत्या, पण ती पुरी करावी असं त्यांना वाटलं नाही. हिने कुठे बाजूला ठेवली? हिच्या हातातून ती गेली. मग माझा हक्क वॉल्शबाईंपेक्षा जास्त की कमी? आणि वॉल्शबाई एकीवर थांबल्या नाहीत, लॉर्ड पीटरच्या आणखी कादंबऱ्या लिहिल्या. भाऊजींचं ते ‘पुढच्याही’ मला म्हणूनच टोचतंय. पुढच्या मी लिहिणार नाही. एवढं नक्की झालंय.

हक्काचं म्हणशील तर कायद्याने तो भाऊजींचाच. स्वीडनमध्ये स्टीग लार्सन २००४ मध्ये पन्नाशीतच गेला, त्याच्या कादंबऱ्या नंतर जगभर गेल्या. कायद्याने चालेल असं मृत्युपत्र नव्हतं. त्याच्याबरोबर बत्तीस वर्षं राहिलेल्या एव्हा गॅब्रिएल्सनला लग्न झालेलं नाही म्हणून काहीच मिळालं नाही, हक्क वडील आणि भावाकडे गेले, आणि चौथी कादंबरी डेव्हिड लागरक्रांट्झने लिहून २०१५ साली आली. एव्हाचा तिला विरोध होता. आपले भाऊजी देवमाणूस आहेत, तो प्रश्न नाही. पण ती लिहिताना काय बोलायची ते ऐकलेल्या आपण दोघी आहोत. तुला न विचारता मी एक ओळही लिहिली तर ते अन्यायाचं होईल.

या सगळ्यांत मला धीर दिला तो शिकागोच्या रॉबर्ट गोल्ड्सबरोने. रेक्स स्टाउट १९७५ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या गुप्तहेर नीरो वुल्फच्या नव्या गोष्टी आता येणार नाहीत म्हणून त्याची आई हळहळली. त्याने एक कादंबरी स्वतः लिहिली आणि १९७८ च्या नाताळला आईला भेट दिली. एका वाचकासाठी! छापून आली ती पुढे १९८६ मध्ये. हे वाचल्यावर माझा हात मोकळा झाला. संपादकांचं नंतर बघू. मी लिहिलं तर आधी तुझ्यासाठी लिहीन. मावशीच्या डोक्यात मी शिरणार नाही, ते फक्त तिला जमायचं. मावशीचा डबा आणणारी शेजारची पोरगी आहे ना, तिच्या नजरेने पुढचं सांगेन. आणि जिथे बाईसाहेबांचं संपतं तिथे ठळक रेघ मारून खाली लिहीन, इथून पुढे मी.

आता तुझं काम. डिकन्स १८७० मध्ये एडविन ड्रूडची गोष्ट अर्धी सोडून गेले, तर लंडनमध्ये १९१४ साली चाहत्यांनी चक्क कोर्ट भरवलं. चेस्टरटन न्यायाधीश, बर्नार्ड शॉ पंचांचे प्रमुख, कादंबरीतला जॅस्पर आरोपी. शेवटी चेस्टरटननी स्वतःला सोडून सगळ्यांना कोर्टाच्या अवमानाचा दंड केला! बाईसाहेब असत्या तर त्यांनी तुलाच पहिला दंड केला असता, डॉक्टरवरून. आपणही कोर्ट भरवू.

वहीची झेरॉक्स सोबत आहे. दोनदा वाच. खुन्याचं नाव आणि कारण चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करून भाऊजींच्या पत्त्यावर पाठव, मला सांगू नकोस. माझं पाकीट मी उद्याच त्यांच्याकडे देते. दोन्ही तेच फोडतील. नावं जुळली तर मी लिहायला घेते. नाही जुळली तर तू इकडे ये आणि जुळेपर्यंत भांडू.

धाकटीचं पोस्टिंग कुठे झालं ते कळव. गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी उरकून घे, पुढे ढकलू नकोस. जाऊबाईंना नमस्कार.

आणि हो, तिची तुला आलेली पत्रं ट्रंकेत असतील, ती काढ. एका पत्रात तिने पंढरपूरच्या वाटेवर भोपळ्याची शेतं पाहिल्याचं लिहिलं होतं असं तू म्हणाली होतीस. ते पत्र आधी पाठव.

तुझीच,
नलू