तूट

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

बाबा, परवा तुमची गाथा काढली. पुठ्ठा सुटलेली, इकडे आणल्यापासून कपाटातच होती. 'याति शूद्र वैश्य केला वेवसाव' हा अभंग निघाला. तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलाय, पण चालीत ऐकलं की शब्द निसटून जातात. या वेळी नुसता वाचला.

तुकोबांनी त्यात स्वतःचीच हकिगत सांगितली आहे. 1630 च्या आसपासचा तो दुष्काळ, देहूतला बुडालेला धंदा, गेलेली पहिली बायको. आणि लिहितात कसं? 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' एवढंच. खतावणीत नोंद करावी तसं. द्रव्य 'आटिलें', विहीर आटते तसं. 'अन्न' मात्र दोनदा येतं. मला वाटतं ते शब्द त्यांचे नाहीतच, तिचे आहेत. ती जे म्हणत होती ते त्यांनी तसंच ठेवलं, वर काही चढवलं नाही. मी तिथेच अडलो. चहा गार झाला.

पुढे आहे, 'लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां ॥' तुटी! बाबा, हा तर तुमचा शब्द.

मी आठवीत होतो. पाऊस गेला, गावाची उधारी बुडाली. शेवटच्या दिवशी तुम्ही एकेक वजन फडक्याने पुसलंत, पेपरात गुंडाळलंत, अगदी पन्नास ग्रॅमचंसुद्धा. घरी येऊन म्हणालात, "यंदा तूट आली जरा," आणि चहा मागितलात. मला वाटलं, बाबांना काहीच वाटत नाही. रागच आला होता, खरं सांगतो. पुढचे कित्येक महिने तुम्ही बाजारपेठेतून न जाता ओढ्याकडून घरी यायचात, ते मी पाहत होतो आणि तरीही मला कळलं नाही. 'लज्जा' हा शब्द मी तिथे लावलाच नव्हता.

आई, तू तेव्हा सगळ्यांच्या मागून जेवायचीस. टोपलीत काय उरायचं, ते मी कधी बघितलं नाही.

अभंगात सुरुवातीलाच ते म्हणतात, 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं ॥' बोलू नये असंच त्यांना वाटत होतं; संतांनी विचारलं म्हणून सांगितलं. आम्हा भावंडांपैकी तुम्हाला कुणी विचारलंच नाही.

दिवाळीला चार दिवस आधीच येतोय. वजनं माळ्यावरच असतील ना? बाबा, तुम्ही शिडी चढू नका, मी काढीन. आणि मग विचारणार आहे.

तुमचा,
धाकटा