लिहिणारीने गप्प बसायचा तास

आयोवा सिटी,
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय मनू,

आई-बाबांना आणि आजीला नमस्कार सांग. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली. त्यामुळे आपल्यातलं अंतर आता साडेदहाचं साडेअकरा तास झालंय. फोन सकाळी साडेसातला करत जा, इथे तेव्हा आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात.

तू दोन गोष्टी विचारल्यास. तुम्ही सहाजणी वाईच्या ग्रंथालयात लिहिण्याचा गट काढताय, तर इथे अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात, आमचा लेखनाचा तास कसा चालतो? आणि इतक्या लांब मराठी पुस्तकं मिळतात का? बाबांचा तिसरा प्रश्न, ‘लिहायला शिकवता येतं का?’, त्याचं वेगळं उत्तर देत नाही. पुढचं वाचून त्यांनीच ठरवावं.

इथे त्या तासाला वर्कशॉप म्हणतात. नाव ऐकून बाबांच्या डोळ्यांपुढे लेथ मशीन येईल, आणि ते फारसं चूक नाही. प्रबंधाऐवजी कथा-कविता दिल्या तरी पदवीसाठी चालतील, हे या विद्यापीठाने १९२२ मध्येच मान्य केलं होतं. पुढे १९३६ मध्ये लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा राहिला, आणि त्याचीच पद्धत मग जगभर गेली. पद्धत अगदी साधी आहे. दहा-बारा जण टेबलाभोवती बसतात. एका बैठकीला अडीच-तीन तास आणि दोनच कथा. कथा आठवडाभर आधी सगळ्यांच्या हातात पडते. प्रत्येकाने ती दोनदा वाचायची, पहिल्यांदा पेन न उचलता आणि दुसऱ्यांदा समासात लिहीत. शिवाय लेखकाला एक पानाचं पत्र लिहून आणायचं. चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही.

तुम्ही सहाजणी आहात तर बैठकीला एकच कथा घ्या आणि दीड तासात उठा. फुलस्केपवर एक ओळ सोडून लिहिलेली आठ-दहा पानं पुरेत. समास दोन बोटं सोडायचा, पानांवर आकडे घालायचे. आकडे नसले की अर्धा वेळ ‘ते कुठलं पान गं’ यातच जातो. झेरॉक्सचा खर्च वर्गणीतून करा, पण प्रत कागदावरच द्या. मोबाइलवर वाचणारी खुणा करत नाही, आणि खुणा नसल्या की बैठकीत ‘छान आहे’च्या पुढे गाडी सरकत नाही.

पहिली पंधरा मिनिटं कोणीही मत द्यायचं नाही. पानावर काय आहे तेवढंच सांगायचं. कोण बोलतंय, किती काळ जातो, कथा कुठे सुरू होते, काय बदलतं. यात दोघींची उत्तरं वेगळी आली की तिथेच थांबा. एकीला वाटतंय सासू मेली आणि दुसरीला वाटतंय ती माहेरी गेली, तर तो वाचणारीचा दोष नाही. लिहिणारीच्या डोक्यातलं वाक्य कागदावर उतरायचं राहून गेलंय. तिला गप्प बसवतात ते एवढ्यासाठीच. ‘अगं, मला तसं म्हणायचं होतं’ हे तिने एकदा बोलून टाकलं की सगळ्यांना ते पानावर दिसायला लागतं, आणि भोक तसंच राहतं.

बिघाड ठरलेल्या जागीच होतात. एखादी मैत्रीण कथा बाजूला ठेवून विषयावर भांडते. कथेत हुंडा आला की चर्चा हुंड्यावर जाते. दुसरी ‘मी असते तर’ म्हणून स्वतःचीच कथा रचायला लागते. वाईसारख्या गावात तिसरा धोका सगळ्यात मोठा. ‘हे आपल्या आळीतले ते काका ना?’ हा प्रश्न एकदा आला की पुढच्या महिन्यापासून सगळ्याजणी निसर्गवर्णनं लिहायला लागतील. म्हणून पहिल्या दिवशीच नियम करा. कथेतल्या ‘मी’ला ‘तू’ म्हणायचं नाही, ‘निवेदक’ म्हणायचं. सुरुवातीला हसू येईल. येऊ दे.

चौथा बिघाड घरी गेल्यावर होतो. पाच पत्रं समोर ठेवून लिहिणारी प्रत्येक सूचना अमलात आणते, आणि कथा घासून-घासून गुळगुळीत होते. पत्रं दोन आठवडे बाजूला ठेवायची. मग फक्त एवढं शोधायचं की तिघींनी एकाच परिच्छेदावर बोट ठेवलंय का. त्यांनी सुचवलेले उपाय बहुतेक वेळा चुकीचे असतात, दुखरी जागा मात्र बरोबर असते. वैद्याला पेशंटने औषध सांगू नये, कुठे दुखतं ते सांगावं, तसंच.

गप्प बसण्याचा नियम मला सगळाच पटत नाही. टेबलाभोवतीच्या कोणालाच तुझं जग माहीत नसेल तर तो फार महागात पडतो. नव्या सुनेने इतके दिवस माहेराबद्दल ‘आमच्याकडे’ म्हणून एके दिवशी सासरबद्दल ‘आपल्याकडे’ म्हटलं, की मराठी वाचकाला कळतं की काहीतरी झालं. इंग्रजीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ दोन्हींना एकच शब्द आहे. कथा जिथे वळते नेमकी ती जागाच पुसली जाते, आणि तोंड बंद ठेवून तुला ऐकावं लागतं की शेवट उगाच आला.

अशा वेळी लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने बसवलेली चार पायऱ्यांची रीत बरी. आधी वाचणाऱ्यांनी सांगायचं, काय मनात राहिलं. मग लिहिणारीने तिचे प्रश्न विचारायचे. मग वाचणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत लपवायचं नाही. शेवटी परवानगी घेऊन मत द्यायचं: ‘संवादांबद्दल माझं एक मत आहे, सांगू?’ आणि ती ‘नको’ म्हणू शकते. अवघड असते ती तिसरी पायरी. ‘शेवट इतका घाईत का केलास?’ हा प्रश्न नाहीच, ती शेरेबाजी आहे. ‘शेवट किती पानांचा करायचा, हे कशावरून ठरवलंस?’ हा प्रश्न. पहिल्या तीन-चार बैठका इथल्या जुन्या पद्धतीने घ्या आणि एकमेकींची सवय झाली की ही रीत धरा.

आता वाचण्याचं. इथे लिहिण्यापेक्षा वाचण्याचाच व्यायाम जास्त असतो. एक गोष्ट तू आजपासून करू शकतेस. आवडलेली कथा घे आणि प्रत्येक परिच्छेदापुढे समासात तो काय *सांगतो* ते लिहू नकोस, तो काय *करतो* ते लिही. ‘दहा वर्षं दोन ओळीत उडवली.’ ‘पात्र दारात उभं केलं, आत घेतलं नाही.’ ‘पहिल्यांदा नाव घेतलं.’ कथा संपल्यावर नुसता समास वरून खाली वाच. घराचा नकाशा हातात आल्यासारखं होतं. मग त्यातला एकच परिच्छेद हाताने उतरवून काढ. डोळा जिथून घसरत जातो तिथे हात अडतो, आणि स्वल्पविराम तिथे का पडलाय ते तेव्हा कळतं. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर पेन्सिलनेसुद्धा खूण करू नकोस. आधी झेरॉक्स काढ.

मराठी पुस्तकांची गंमत आजीला सांग. ती ज्या रेशनच्या अमेरिकन गव्हाला अजून नावं ठेवते, त्या गव्हाच्या पैशातून इथली मराठी कपाटं भरली. अमेरिकेच्या १९५४ च्या कायद्याखाली, पीएल ४८० खाली, आलेल्या धान्याचे पैसे भारताने रुपयांत चुकते केले. त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या, दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन इथल्या मोठ्या विद्यापीठांना पाठवली. शिकागोसारख्या ठिकाणी म्हणून मराठीचा साठा मोठा आहे. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नसलेलं पुस्तक इथे बसून दुसऱ्या विद्यापीठाकडून मागवता येतं.

शोधताना मात्र नाव आपण लिहितो तसं टाकून भागत नाही. कॅटलॉगमधलं रोमन लिपीकरण अक्षराबरहुकूम असतं. मुकं अक्षरसुद्धा ‘अ’ लावूनच लिहितात, म्हणजे तेंडुलकर या नावात ‘ल’नंतर आणि शेवटच्या ‘र’नंतरही ए हवा. ‘च’साठी एकटा सी, ‘छ’साठी सी-एच. म्हणून चित्रे शोधताना सी-एच टाकलं की मराठी पुस्तक असूनही ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ‘ष’ला एस-एच आणि ‘श’ला डोक्यावर रेघ दिलेला एस. रेघ टाकली नाही तरी चालतं, अक्षरं चुकली तर चालत नाही. एकदा एक पुस्तक सापडलं की त्याचा क्रमांक लिहून ठेवायचा. मराठी साहित्य पीके २४१८ च्या घरात असतं, आणि त्याच फळीवर शेजारी न शोधलेलंही बरंच सापडतं.

चित्र्यांचं नाव सहज नाही आलं. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ याच गावात, इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते. तुकोबांना इंग्रजीत नेणारा माणूस इथल्या नदीकाठी राहून गेला, हे बाबांना आवडेल.

अनुवादाच्या तासाला काय अडतं त्याचा एकच नमुना देते. ‘जेव’, ‘जेवून घे’, ‘जेवून टाक’, ‘जेवून जा’. इंग्रजीत चारही ठिकाणी क्रियापद तेच येतं. ‘घे’मध्ये काळजी आहे, ‘टाक’मध्ये घाई किंवा वैताग, ‘जा’मध्ये आग्रह. नवा अनुवादक तिथे ‘प्रेमाने म्हणाली’, ‘वैतागून म्हणाली’ असं चिकटवतो आणि वाक्य मरतं. त्यापेक्षा ताट पुढे सरकवणारा हात एका शब्दात दाखवला तर निभतं, तोही मूळ कथेत कुठेतरी असेल तरच. याचा तुला मराठीत लिहितानाही उपयोग आहे. तुझ्या गेल्या कथेत ‘रागाने म्हणाला’ सात वेळा आलंय. सातही काढ आणि क्रियापदालाच काम करू दे. दोन ठिकाणी राग दिसेनासा होईल, तेवढी दोन वाक्यं पुन्हा लिही.

शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पण कोशात शब्द सापडायला आधी तो ऐकलेला असावा लागतो, आणि ती खाण आपल्या माजघरात बसलेली आहे. आजीला विहिरीवरच्या मोटेबद्दल विचार. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं एवढं मला ठाऊक आहे, पुढचं नाही. धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, तसं आणखी काय-काय म्हणायचे तेही विचार. ती सांगेल त्याच उच्चाराने लिहून घे, शुद्ध करू नकोस. नुसते शब्द नकोत, तिचं पूर्ण वाक्य घे, कारण शब्द वाक्यात कुठे बसतो ते पुढे आठवत नाही. सगळे शब्द एकाच कथेत मात्र कोंबू नकोस. एका पानावर एक पुरतो.

यादीचे फोटो पाठव, आणि पहिल्या बैठकीनंतर कोण किती रुसलं तेही कळव. आईला म्हणावं, थंडीचा कोट घेतलाय.

तुझी,
ताई