सरकारी गांजा-दुकान आणि दारातून परत पाठवलेली मुले : क्वेबेकच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अर्थमंत्री,
क्वेबेक प्रांत, कॅनडा

महोदय,

क्वेबेकमध्ये गांजाची किरकोळ विक्री करण्याचा अधिकार फक्त एसक्यूडीसी या सरकारी कंपनीला आहे आणि ती आपल्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहीत आहे. माँट्रियलमधल्या मराठी पालकांनीही ते वाचावे, अशी इच्छा असल्याने मराठीत जाहीर करीत आहे.

१७ ऑक्टोबर २०१८ रोजी विक्री सुरू झाली, तेव्हा माल इतका अपुरा पडला की काही दिवसांतच दुकाने सोमवार ते बुधवार बंद ठेवावी लागली. ते नव्या कारभाराचे हाल होते आणि ते सरले. आजची अडचण मात्र सरकारने स्वतःच ओढवून घेतली आहे. १ जानेवारी २०२० पासून खरेदीचे किमान वय १८ वरून २१ करण्यात आले. कोवळ्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांची काळजी त्यामागे होती, आणि ती काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु अठराव्या वर्षी वाइन विकत घेऊ देणाऱ्या प्रांतात या अटीने गांजा ओढणे थांबते, की फक्त विकणारा बदलतो?

उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. सरकारी दुकानात दाराशीच ओळखपत्र मागतात, बाहेरून आतला माल दिसत नाही, आणि हाती पडणाऱ्या डबीवर लाल चिन्ह, पिवळ्या चौकटीतला इशारा आणि टीएचसीचे (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचे) प्रमाण छापलेले असते. माँट्रियलच्या पश्चिमेला कानेसाताके येथे ३४४ क्रमांकाच्या रस्त्याने गाडी नेली, तर प्रांताचा परवाना नसलेल्या दुकानांच्या पाट्या उघड दिसतात. तिथल्या मोहॉक या मूळनिवासी समाजाचा आपल्या भूमीवरील अधिकाराचा प्रश्न जुना आणि वेगळा आहे, तो एका पत्रात उरकण्यासारखा नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला तिथे किंवा फोनवरून माल पोचवणाऱ्याकडे काय मिळते, त्यात टीएचसी किती आहे, हे सांगण्याची सक्ती कोणावरही नाही.

केंद्राचा कायदा घरी चार झाडे लावू देतो, क्वेबेक एकही लावू देत नाही. लोकांना सरकारी दुकानाकडे वळवायचे असल्याने ही बंदी हवी, हे प्रांताचे म्हणणे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरले. मग ज्यांना वळवायचे, त्यांतल्याच अठरा ते वीस वयाच्या सज्ञान नागरिकांना त्याच दुकानातून परत का पाठवायचे? हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी वापरता येणार नाही. शिवाय आपल्या दुकानांनी गांजायुक्त चॉकलेट, गोड गोळ्या कधी ठेवल्या नाहीत आणि वेपही (गांजाची वाफ ओढण्याची उपकरणे) वर्षानुवर्षे ठेवले नाहीत. मुलांना भुरळ पडू नये हा हेतू समजतो, पण तेवढे गिऱ्हाईक आपण दुसऱ्याच्या हवाली केले.

माझी सूचना अशी की खरेदीचे वय पुन्हा १८ करावे. मात्र सध्या सर्वांना लागू असलेली ३० टक्के टीएचसीची कमाल मर्यादा १८ ते २० वयोगटासाठी बरीच खाली आणावी आणि ती नेमकी किती असावी, हे सार्वजनिक आरोग्य तज्ज्ञांनी ठरवावे. दुकानांच्या नफ्याचा मोठा भाग प्रतिबंध आणि संशोधनाच्या निधीत जातोच. त्यातून या वयाची मुले आज माल कुठून घेतात याची स्वतंत्र पाहणी करून घ्यावी आणि ती आकड्यांसह प्रसिद्ध करावी. अशी पाहणी कधीपर्यंत हाती घेतली जाईल, हे आपल्या कार्यालयाने लेखी कळवावे, ही विनंती.

आपली नम्र,
माँट्रियलची एक मराठी रहिवासी