वहिनींच्या गाईड पथकाविषयी काकांना पत्र

ब्रिस्टल, इंग्लंड
जूनचा दुसरा आठवडा

तीर्थरूप काका आणि सौ. काकू यांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बोलणे झाल्यापासून वहिनींच्या शाळेचा विषय डोक्यातून जात नाही. मुख्याध्यापकांनी त्यांना यंदा गाईड पथक हाती घ्यायला सांगितले आहे, आणि तुमचे म्हणणे असे की शिनोळीहून रोज बस धरून बेळगाव तालुक्यातली शाळा गाठणाऱ्या, दोन मुलांचे आणि घरचे सगळे बघणाऱ्या बाईने आणखी लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जाऊ नये. तुमच्या बोलण्यातली काळजी मला समजते. फोनवर या गोष्टी तुटक होतात, म्हणून सविस्तर लिहितो. निर्णय वहिनींनीच घ्यायचा आहे. पण तुमच्या मनातली शंका दूर झाल्याशिवाय त्या मोकळेपणाने हो म्हणणार नाहीत, हेही मी जाणून आहे.

मी इथे काही वर्षांपासून आमच्या वस्तीतल्या स्काऊट पथकात काम करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी चर्चच्या सभागृहात साडेदहा ते चौदा वर्षांची मुले-मुली जमतात आणि आम्ही चौघे मोठे त्यांच्याबरोबर असतो. त्यांत एक रुग्णालयातली परिचारिका आहे, एक बसचालक आहे, एक निवृत्त गणित शिक्षक आहेत. कुणालाही मानधन नाही. इथे पथके वस्तीची असतात, आपल्याकडे ती बहुधा शाळेची असतात, त्यामुळे आपल्याकडचे प्रमुख शिक्षकच असतात. दोन्ही पद्धतींत एक अडचण मात्र सारखीच आहे : मुले हवी तेवढी असतात, त्यांच्यासाठी वेळ देणारे मोठे मिळत नाहीत. इथे अनेक पथकांत मुलांची नावे प्रतीक्षायादीत पडून राहतात, आणि त्याचे कारण जागा किंवा पैसा नसून माणसांची वानवा हेच असते. म्हणूनच एखाद्या शाळेने वहिनींसारख्या शिक्षिकेला विचारावे आणि घरातून नकार जावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

मुळात हे काम कशाचे आहे, ते सांगतो. आपल्याकडे स्काऊट-गाईड म्हटले की 15 ऑगस्टचे संचलन, गळ्यातला स्कार्फ आणि पाहुण्यांना सलामी एवढेच डोळ्यांसमोर येते. गणवेशाला माझा विरोध नाही. पण स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हा त्यांनी श्रीमंत शाळांतली मुले आणि कामकऱ्यांची मुले एकत्र करून त्यांचे छोटे छोटे संघ पाडले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यांच्यातल्याच एका मुलाकडे दिली. सगळी चळवळ या एका कल्पनेवर उभी आहे. सहा ते आठ मुलींचा एक संघ, त्यांच्यातलीच एक संघनायिका, आणि पथकाचे निर्णय घेणारी संघनायिकांची बैठक. मुलींनी ठरवायचे, मुलींनी करायचे, आणि मोठ्या माणसाने ते सुरक्षितपणे होईल एवढी तयारी करून ठेवायची. म्हणायला हे सोपे आहे, पण शिक्षकाच्या हाताला ते फार जड जाते, कारण वर्गात त्याला सगळे स्वतः करून दाखवायची सवय असते.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही डीनच्या जंगलात मुलांना घेऊन मुक्कामाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला. एका संघाने स्वयंपाकाच्या जागेवर ताडपत्री बांधली होती, पण चारही कोपरे सारख्याच उंचीवर बांधल्याने मध्ये पाणी साठून ताडपत्रीला पखालीसारखे पोट आले. संघनायिका तेरा वर्षांची. तिने माझ्याकडे पाहिले. दोन गाठी सोडून मी ते काम मिनिटभरात केले असते. मी फक्त विचारले, की पाणी कुठून बाहेर पडावे असे तुला वाटते? ती थोडा वेळ ताडपत्रीखाली उभी राहिली, मग तिने उताराकडच्या कोपऱ्याचा दोर सैल करून तो कोपरा गुडघ्याएवढा खाली आणला, आणि साठलेले पाणी एका दमात तिकडून वाहून गेले. त्यानंतर सरपणाचा प्रश्न आला. लाकडे वरून भिजली होती. त्यांच्यातल्या एका मुलाने साल तासून काढली आणि आतल्या कोरड्या गाभ्याच्या कागदासारख्या पातळ ढलप्या काढत बसला. दुसरा त्या आपल्या अंगरख्याच्या आत सांभाळत होता. जेवायला तासभर उशीर झाला, भात तळाला थोडा लागला, आणि त्या संघाने तो खरवडून खाल्ला.

त्या तासाभरात मी नुसता उभा होतो असे तुम्हाला वाटेल. पण मुले मागे वळून पाहतील तेव्हा जागेवर सगळे तयार असावे, म्हणून त्यामागे बरेच काम झालेले होते. प्रथमोपचाराची पेटी तपासलेली होती, जवळच्या रुग्णालयाचा रस्ता कागदावर लिहिलेला होता, कुणाला कशाची ॲलर्जी आहे आणि कुणाचे औषध कोणत्या वेळेचे आहे याची यादी खिशात होती, कोरडे कपडे बाजूला ठेवलेले होते, आणि गारठा वाढला तर किती वाजता सगळ्यांना छपराखाली न्यायचे हे आम्ही मोठ्यांनी सकाळीच ठरवले होते. मोठ्या माणसाचे काम ते हेच, आणि वहिनी हे उत्तम करतील अशी माझी खात्री आहे. गणपतीला तीस-चाळीस माणसांचा स्वयंपाक त्या कशा आखतात, कोणते भांडे कुणाकडून आणायचे आणि कुणाला कोणते काम द्यायचे हे त्यांच्या डोक्यात कसे पक्के असते, ते मी पाहिलेले आहे.

तुमची मोठी भीती जबाबदारीची आहे. परक्यांच्या मुली घेऊन बाहेर जायचे, आणि काही कमी-जास्त झाले तर बोल कुणाला लागणार? ही भीती रास्त आहे, आणि तिला उत्तर आहे ते नियमांचे. इथे कामाला लागण्यापूर्वी माझी पोलिसी नोंदींची तपासणी झाली, ओळखीच्या लोकांकडून माझ्याविषयी लेखी विचारणा झाली, आणि मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागले. मोठ्या माणसाने कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने राहायचे नाही, हा नियम इथे कुणासाठीही मोडला जात नाही. बाहेर पडताना मी सांभाळतो त्या वयोगटातल्या दर बारा मुलांमागे एक मोठा आणि शिवाय प्रमुख वेगळा, त्याहून लहान मुलांसाठी दर आठांमागे एक, असे प्रमाण ठरलेले आहे. मुक्कामाला न्यायचे असेल तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो देण्याआधी तुमची तयारी प्रत्यक्ष पाहिली जाते. सुरुवातीला मला हा कागदांचा पसारा वाटला. आता वाटते की या कागदांमुळेच आईबाप निश्चिंतपणे मुले आमच्या हवाली करतात, आणि माझ्यासारख्यालाही रात्री झोप लागते.

आपल्याकडेही ही शिस्त आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था 7 नोव्हेंबर 1950 रोजी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी गाईडची संघटना तीत सामील झाली. पथकप्रमुखाला बेसिक कोर्स, मग ॲडव्हान्स्ड कोर्स आणि त्यापुढे हिमालय वुडबॅज हे प्रशिक्षित प्रमुखाचे मानचिन्ह अशी प्रशिक्षणाची चढती वाट आहे. वुडबॅजचे दोन लाकडी मणी 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कात सुरू झाले आणि आज जगभर त्याच अर्थाने घातले जातात. पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण पुण्यात 1966 पासून 'संगम' नावाचे गाईडचे जागतिक केंद्र आहे, जिथे देशोदेशीच्या मुली येऊन राहतात. मुलींच्या पथकाची प्रमुख स्त्रीच असते, त्यामुळे वहिनी नाही म्हणाल्या तर ते काम एखादे सर उरकून टाकतील असेही नाही. शाळेत दुसऱ्या बाई तयार झाल्या नाहीत तर त्या मुलींचे पथकच होणार नाही. बिल्ले आणि सोपान, म्हणजे मुलींच्या प्रगतीचे टप्पे, यांविषयी लिहीत नाही, ते ओघाने येतात. इतकेच वाटते की वहिनींनी कोर्स करून मगच पथक हाती घ्यावे, आधी पथक आणि मग सवडीने कोर्स असे करू नये.

आता सीमाभागाविषयी. वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवरच थांबतात आणि वहिनींसारख्यांची कुचंबणा होते, हे तुम्ही म्हणालात ते खरे आहे. म्हणूनच मला वाटते की पथकाचा तास शाळा सुटल्यावर संध्याकाळी ठेवू नये. कर्नाटकात शनिवारची शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर एक तास घेतला तर दुपारची बस मिळते आणि मुलीही उजेडी घरी पोहोचतात. शाळेच्याच गावात राहणाऱ्या एखाद्या शिक्षिकेला किंवा पालक बाईंना सहायक म्हणून घ्यावे, म्हणजे एखाद्या दिवशी वहिनी पलीकडे पोहोचू शकल्या नाहीत तरी मुली दारात ताटकळत राहणार नाहीत.

पण या भागात हे काम व्हावे असे मला वाटते त्याचे कारण आणखी खोल आहे. आपल्या मुली मराठी शाळेत शिकतात, शेजारच्या गल्लीतल्या मुली कन्नड शाळेत, पलीकडच्या उर्दू शाळेत, आणि एकाच गावात राहून दहावीपर्यंत एकमेकींशी चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाही. गाईडच्या नियमांतला एक असा आहे की गाईड सर्वांची मैत्रीण असते आणि दुसऱ्या प्रत्येक गाईडची बहीण असते. जिल्ह्याच्या मेळाव्यात या तिन्ही शाळांच्या मुली एका मैदानावर तंबू ठोकतात, तेव्हा खुंटी ठोकायला आणि पाणी आणायला एकमेकींची मदत लागतेच. आपल्या भाषेवरचे प्रेम त्याने तसूभरही कमी होत नाही. मराठी शाळा टिकावी म्हणून आयुष्यभर धडपडलेल्या तुमच्यासारख्या माणसाला हे मी सांगायला नको; उलट त्या शाळेत मुलींना मोकळ्या आभाळाखाली असे काही मिळू लागले, तर पालक तिचाच विचार आधी करतील.

सेवेचे म्हणाल तर तुमच्या-माझ्या मुलखाला ती नवी नाही. 1924 च्या डिसेंबरमध्ये बेळगावच्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सारी व्यवस्था अंगावर घेतली आणि डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलाचे स्वयंसेवक तिथे राबले. त्या माणसांना कुणी लष्कराच्या भाकऱ्या म्हणून हिणवले असते, तर तुम्हीच सर्वांत आधी चिडला असता.

सहलीसाठी लांब जायची गरजच नाही. येळ्ळूरचा राजहंसगड एका दिवसात होतो. आपल्या चंदगड तालुक्यात देवरवाडीचा वैजनाथ आणि महिपाळगड आहेत. पावसाळा सरेपर्यंत मात्र गड नको, ओढा-नदीचा काठ तर मुळीच नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये चिकोडी-निपाणीकडची गावे पाण्यात गेली ती आपण सर्वांनी पाहिली आहेत. मुलींना पुरात मदतीला पाठवायचे नाही, पण पाणी उकळून पिणे, जखम बांधणे, दोराची पक्की गाठ मारणे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वेळेवर बाहेर काढणे एवढे त्यांना आले पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने शाळेच्या व्हरांड्यात बसून हेच शिकवता येते. दोर बेळगावच्या रविवार पेठेत चांगला मिळतो. सुती आणि मध्यम जाडीचा घ्यावा, नायलॉनच्या गाठी नवख्या हातांतून निसटतात.

वहिनींनी मुख्याध्यापकांना होकार देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : वेळापत्रकात आठवड्याचा एक तास, सहायक म्हणून दुसरी स्त्री, कोर्ससाठी कामावर धरली जाणारी रजा, आणि पालकांच्या सहीशिवाय मुलींना शाळेबाहेर न नेण्याची मुभा, मग वरून कुणाचाही आग्रह असो. शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ऐन वेळी कुणा पाहुण्याच्या स्वागताला मुलींना उन्हात उभे करण्याचे फर्मान येते आणि तेव्हा नाही म्हणायला हातात कागद लागतो.

तुमच्याकडे आणि काकूंकडे माझी एकच विनंती आहे. शनिवारी दुपारी मुलांना जेवायला वाढणे आणि कोर्सच्या दिवसांत त्यांची शाळा-अभ्यास पाहणे तुम्ही दोघांनी अंगावर घ्यावे. दादालाही मी वेगळे लिहिले आहे. त्या दिवसांत धार काढायच्या वेळेला तो लवकर घरी येईल असे त्याने कबूल केले आहे. काकूंच्या गुडघ्याचे दुखणे आता कसे आहे, ते कळवावे.

मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी तयार करून ठेवला आहे. वहिनींनी वाचून त्यात हवा तो बदल सांगितला, की लगेच पाठवतो.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या