नोंदवहीत खाडीचे मासे!

महोदय,

जैविक विविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने गावकऱ्यांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती, प्राणी नि त्यांविषयीच्या लोकज्ञानाची नोंद, तयार करावी, अशी अपेक्षा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, दंडाची तंबी दिली आणि कामाला वेग आला. नको तितका!

आमचं गाव घाटमाथ्यावरचं. नोंदवही चाळली तर तीत खाडीचे मासे सापडले. बहुधा कोकणातल्या एखाद्या गावाची प्रत उतरवली असावी. मात्र आमचा हिरडा दोन ओळींत संपला. भारंगी, कुर्डू या रानभाज्या कुठे उगवतात, कोणत्या ओढ्यात खेकडे कमी झाले, हे गुराख्यांना नि भाजी खुडणाऱ्या बायकांना पाठ आहे. त्यांना कुणी विचारलंच नाही. ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना मांडली, ती लोकांच्या ज्ञानासाठी.

नोंदवही ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी, दुरुस्त्या तिथेच कराव्यात आणि पावसाळ्यात व उन्हाळ्यात नव्या नोंदी तारखेसह घालाव्यात. खर्च फारसा नाही. शाळेतली पोरंसुद्धा हे करतील.

– एक निवृत्त शिक्षक, ता. भोर