लिंगभावावरची व्याख्याने तालुक्याच्या गावीही व्हावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिंगभाव (समाजाने ठरवलेले बाईपण-पुरुषपण), लैंगिकता आणि सामाजिक न्याय या विषयावरील विद्यापीठीय व्याख्यानमालेची बातमी आणि तिच्यावर आलेली वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात वाचली. हा विषय परदेशातून उसना आणलेला आहे आणि आपल्या मुलांना त्याची गरज नाही, असे बहुतेक पत्रांचे म्हणणे दिसते. मला ते पटत नाही. परंतु आयोजकांचेही सगळे पटत नाही. व्याख्याने विद्यापीठाच्या आवारात, कामाच्या दिवशी, भर दुपारी आणि मुख्यतः इंग्रजीतून ठेवली, तर श्रोत्यांत विषय आधीच ठाऊक असलेलेच अधिक भरतात आणि ज्यांच्यासाठी तो मांडायला हवा ती मुले-मुली एस.टी.च्या वेळापत्रकात अडकून राहतात. संलग्न महाविद्यालयात अनेक वर्षे मराठी शिकवल्यामुळे हे अंतर किती आहे याची मला कल्पना आहे.

आधी उसनेपणाविषयी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते १८६३ साली. केशवपनाच्या आणि पुनर्विवाहबंदीच्या जाचात अडकलेल्या ब्राह्मण विधवांना गुपचूप येऊन सुखरूप बाळंत होता यावे, ही त्यामागची सोय होती. स्त्रीचे शरीर, तिची जात आणि तिला मिळणारा न्याय हे तीन प्रश्न त्या एका घरात एकत्र आले होते आणि ते कोणत्याही परकीय ग्रंथातून आले नव्हते. ज्या मुंबई-पुण्याने हे पाहिले, तेथे आज हा विषय नवखा वाटावा याचे मला नवल वाटते.

त्याहून थेट उदाहरण रघुनाथ धोंडो कर्वे यांचे आहे. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्या कामापायी पुढे नोकरी सोडली आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवले. वाचकांनी पत्राने विचारलेल्या खासगी प्रश्नांना मासिकातून दिलेली उत्तरे हा त्यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग होता, असे मला वाटते. समोरासमोर जे विचारण्याची कोणाची छाती होत नव्हती, ते लोक त्यांना लिहून विचारत होते. हस्तमैथुनाविषयी विचारत होते, समलिंगी आकर्षणाविषयी विचारत होते, आणि कर्वे त्यांना कोणतेही प्रवचन न देता, त्या काळी उपलब्ध असलेल्या शास्त्रीय माहितीच्या आधारे उत्तर देत होते. १९३४ चा अश्लीलतेचा खटला झाला तो नेमका या प्रश्नोत्तरांवरून. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लिखाण अश्लील ठरत नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. कर्वे खटला हरले आणि त्यांना दोनशे रुपये दंड झाला. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर देशभर झुंजत असलेल्या नेत्याला हे वकीलपत्र घ्यावेसे वाटले, यातच सामाजिक न्याय आणि लैंगिकता यांचा संबंध काय, या पत्रलेखकांच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

विद्यापीठाने यात पडू नये, असेही एका पत्रात म्हटले आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण पुढे मथुरा प्रकरण म्हणून ओळखले गेले. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर इजेच्या खुणा नाहीत, म्हणजे तिचा विरोध नव्हता, असा त्या निकालाचा सूर होता. त्याविरुद्ध १९७९ साली सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिणारे चौघे कायद्याचे प्राध्यापक होते: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पोलीस कोठडीतील अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर तसे गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हाची. चार प्राध्यापक आपापल्या वर्गाच्या चार भिंतींत राहिले असते तर ती केव्हा आली असती, कोणास ठाऊक.

आता आजचे. व्याख्यानमालेत मला ऐकायला आवडतील असे प्रश्न पुस्तकी नाहीत. भारतीय दंड संहितेतील, ‘अनैसर्गिक’ संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले, हे बहुतेकांना माहीत असते. बळजबरीपुरते ते कलम तेव्हाही शिल्लक राहिले होते, हे थोड्यांना ठाऊक असते. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरले नाही आणि बलात्काराच्या व्याख्येतील पीडित व्यक्ती मात्र केवळ स्त्रीच राहिली. त्यामुळे प्रौढ पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला तर त्याने कोणत्या कलमाखाली दाद मागायची, हा प्रश्न वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक मुलाशी निगडित आहे. तृतीयपंथीय व्यक्तींसाठी २०१९ साली झालेल्या कायद्यात त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे अशी शिक्षा ठेवली गेली, तर स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे. ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथीयांच्या समान नागरिकत्वाची ग्वाही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच दिली होती. तिच्याशी ही तफावत कशी जुळते, हे कायद्याच्या अभ्यासकाने तालुक्याच्या महाविद्यालयात येऊन सांगावे.

आणि ऊसतोडीचा प्रश्न. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरून मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो, म्हणजे बाईची मजुरी मुळात तिच्या नावाने मोजलीच जात नाही. एखाद्या दिवशी काम झाले नाही तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाळी, गरोदरपण आणि अंगावरचे दुखणे या साऱ्यांचा हिशेब त्या खाड्यात होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. लिंगभाव आणि सामाजिक न्याय असे दोन शब्द जोडून व्याख्यानमालेला नाव द्यायचे, तर बीड, पाथर्डी, जामखेड या पट्ट्यातील एखाद्या महाविद्यालयात ती नेण्याइतके दुसरे उचित स्थान मला सुचत नाही. तेथील विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या आया दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत (झोपडीत) असतात.

हे करायला नवी यंत्रणा लागत नाही. मुंबई आणि पुणे विद्यापीठांची बहिःशाल (विद्यापीठाच्या आवाराबाहेरच्या) शिक्षणाची मंडळे याच कामासाठी आहेत; पुणे विद्यापीठाची डॉ. जयकर व्याख्यानमाला संलग्न महाविद्यालयांत वर्षानुवर्षे चालत आली आहे. व्याख्याता एस.टी.ने येतो, प्राचार्य शाल-श्रीफळ देतात, दुसऱ्या दिवशी स्थानिक आवृत्तीत दोन परिच्छेद छापून येतात. या व्याख्यानांचा दर्जा नेहमीच चांगला असतो असे नाही, आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या विषयाने त्यातील बराच काळ खाऊन टाकला आहे हेही खरे; पण रस्ता तयार आहे. त्या यादीत लिंगभाव आणि लैंगिकतेचा विषय दरवर्षी ठेवावा आणि व्याख्याते निवडताना स्त्री अभ्यास केंद्रातील अध्यापकांबरोबर कायदा, सार्वजनिक आरोग्य आणि तृतीयपंथीय समाजात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनाही बोलवावे.

माझा सगळ्यात जास्त आग्रह प्रश्नांच्या वेळेसाठी आहे. तासाभराचे भाषण, पाच मिनिटे प्रश्नांना आणि मग आभार, ही पद्धत या विषयात निरुपयोगी आहे. आमच्या सभागृहांत मुली एका बाजूला, मुले दुसऱ्या बाजूला आणि प्राध्यापक पहिल्या रांगेत बसतात. अशा बैठकीत कोणता विद्यार्थी उठून मनातले विचारील? त्यासाठी व्याख्यानाच्या चार-आठ दिवस आधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक बंद पेटी ठेवावी, प्रश्न बिननावी चिठ्ठ्यांवर घ्यावेत, ते प्राध्यापकांनी न चाळता थेट व्याख्यात्याकडे पोचवावेत आणि निम्मी वेळ त्यांच्या उत्तरांना द्यावी. चिठ्ठ्यांत टवाळी येईल, शिव्याही येतील, याची मला कल्पना आहे. कर्व्यांना येणाऱ्या पत्रांतही त्या असणार. तशा चिठ्ठ्या बाजूला काढायला फार वेळ लागत नाही.

पालकांच्या नाराजीची भीती प्राचार्यांना असते आणि ती अगदीच निराधार नाही. तथापि पदवीच्या वर्गातील विद्यार्थी बहुधा अठरा वर्षे पूर्ण केलेला असतो, मतदार असतो आणि कायद्याने स्वतःच्या कृत्याला जबाबदार असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे प्रत्येक महाविद्यालयाला बंधनकारक आहे, आणि छळाचा बळी मुलगा किंवा तृतीयपंथीयही असू शकतो हे त्या विनियमांनी मान्य केले आहे. त्या समितीची ओळख नोटीस बोर्डावरील एका कागदापलीकडे विद्यार्थ्यांना कोणी करून देत नाही. निदान तिच्या निमित्ताने तरी हे व्याख्यान अधिकृत कार्यक्रमात बसवता येईल आणि प्राचार्यांना पालकांसमोर दाखवायला सरकारी आधारही मिळेल.

आपल्या दैनिकाला एक विनंती. शहरातील व्याख्यानमालांचा वृत्तान्त आपण पुरवणीत सविस्तर छापता. बहिःशालची व्याख्याने तालुक्याच्या ठिकाणी झाली, तर चिठ्ठ्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे, नावगाव न देता, आपल्या जिल्हा आवृत्तीत छापावीत. जागा कमी असेल तर भाषणाचा गोषवारा गाळला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका