इकितोसहून ताईला पत्र

इकितोस, पेरू

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

मंदार आयावास्काचा काढा प्यायला इकडे येतो म्हणतोय, हे तुझ्याकडून कळलं. ‘मामा तिथेच आहे’ म्हणे. मामा इथे औषधं विकायला आलाय, हे त्याला सांग.

ही भोंदूगिरी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. इथल्या ॲमेझॉनच्या जंगलातल्या शिपिबो आदिवासींची ही जुनी विद्या आहे. एक जाड वेल आणि चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं एकत्र उकळतात. नुसत्या पानांचा काढा प्यायला तर काही होत नाही. त्यातल्या डीएमटीला, म्हणजे भास घडवणाऱ्या द्रव्याला, आतड्यातलं एन्झाइमच मोडून टाकतं. वेल त्या एन्झाइमलाच अडवते. एवढ्या जंगलात ही जोडी कुणाला कशी सापडली, देव जाणे! काढा दिल्यावर वैद्य अंधारात रात्रभर गातात. ओकाऱ्या होतातच, त्याला ते शुद्धी मानतात; आपल्या वमनासारखंच. पेरू सरकारने 2008 साली याला राष्ट्रीय वारसा ठरवलंय.

मंदार ज्या अभ्यासाचं सांगतो, तो ब्राझीलमध्ये नातालला झाला. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे 29 रुग्ण. एकदाच काढा घेतलेल्यांपैकी 64 टक्क्यांना आठवड्याने बराच आराम होता, खोटा काढा घेतलेल्यांत 27 टक्क्यांना. आशा वाटावी असंच आहे. पण माणसं किती थोडी! शिवाय त्यांच्या आधीच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या, आणि स्वतःला किंवा घराण्यात कुणाला उन्माद किंवा स्किझोफ्रेनिया झालेल्यांना घेतलंच नव्हतं. आपल्या थोरल्या काकांचं आठवतं ना? आठवडाभर न झोपता विहीर खणत होते.

मंदारची नैराश्यावरची गोळी, एस्सिटालोप्राम, चालू आहे. तिच्यावर हा काढा पडला, तर वेलीमुळे मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन बेसुमार वाढू शकतं: ताप, अंग ताठणं, झटके, जीवही जाऊ शकतो. त्यात काही जण काढ्यात तोए घालतात. तो आपल्या धोतऱ्याचा भाऊबंद, म्हणजे बघ. आणि इथून रस्त्याने बाहेर पडता येत नाही, विमान नाहीतर नदी.

त्याला नदी बघायला जरूर पाठव, गोळ्यांसकट. पण आज एक कर. इथे यायचं म्हणून त्याने आपल्या मनाने गोळी बंद तर केली नाही ना? तो बाहेर गेला की पाकिटातल्या गोळ्या मोज. जास्त उरल्या असतील तर रागावू नकोस, आधी त्याच्या डॉक्टरांना फोन कर आणि मग मला.

तुझा,
बाळू